नवा लॅपटॉप आणला. विंडोज पुन्हा टाकायची का?

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत लॅपटॉपची खरेदी वाढते. कोणी घराजवळच्या दुकानातून घेते, कोणी ऑनलाइन मागवते, तर चार पैसे वाचतील म्हणून कोणी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरते आणि लॅमिंग्टन रोड गाठते. खोके उघडल्यावर मात्र बहुतेकांना एकच सल्ला मिळतो : ‘कंपनीने नको ते भरलेले असते. फॉरमॅट मारून फ्रेश विंडोज टाकून घ्या.’ सल्ला देणारा कधी दुकानदार असतो, कधी सोसायटीतला जाणकार, नाहीतर इंजिनीअर भाचा. नामांकित कंपनीचा सीलबंद लॅपटॉप असेल, तर हा सल्ला सहसा न ऐकलेला बरा. असेंबल केलेल्या किंवा वापरलेल्या संगणकाची गोष्ट वेगळी.

सल्ला आला कुठून?

तो अगदीच निराधार नाही. चाचणी मुदतीचे अँटिव्हायरस, गेम, खरेदीची अ‍ॅप अशी भरताड नव्या लॅपटॉपमध्ये आधीपासून असते. ‘सुपरफिश’ प्रकरणाने तर अनेकांचा विश्वासच उडाला. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये आधीच टाकलेला हा जाहिरातींचा प्रोग्राम बँकेच्या सुरक्षित संकेतस्थळाशी होणाऱ्या संवादातही मध्ये शिरू शकत होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झाल्यावर कंपनीला तो काढून टाकावा लागला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तिला समझोताही करावा लागला.

पण आज ही भरताड काढायला फॉरमॅटची गरज नाही. सेटिंग्जमधील ‘अ‍ॅप्स’ विभागात जाऊन नको ते अनइन्स्टॉल करता येते. अर्ध्या तासाचे काम. चाचणीचा अँटिव्हायरस काढला की विंडोजमधला डिफेंडर आपोआप चालू होतो.

फॉरमॅट केल्यावर काय जाते?

कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेले ड्रायव्हर जातात. मग कधी वायफाय दिसत नाही, कधी बोटाच्या ठशाने लॉगिन होत नाही. इंटेलच्या काही लॅपटॉपवर तर वेगळा ड्रायव्हर दिल्याशिवाय विंडोज टाकताना एसएसडीच दिसत नाही. सगळी पार्टिशन पुसली, तर कंपनीने ठेवलेली रिकव्हरीची सोयही जाते. लॅपटॉपसोबत मिळालेले ऑफिस आधी स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घेतले नसेल, तर ते परत मिळवताना नाकी नऊ येतात.

होम आणि प्रोचा घोळ

खरी गोम इथे आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून कंपनीच्या लॅपटॉपची विंडोज की मदरबोर्डवरच साठवलेली असते. त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकली, तर ती इंटरनेटला जोडताच आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. घरगुती लॅपटॉपवर बहुधा ‘होम’ आवृत्ती असते. फॉरमॅट करणाऱ्याच्या पेनड्राइव्हमध्ये मात्र ‘प्रो’ असते आणि तीच सगळीकडे टाकली जाते. होमची की प्रोला चालत नाही. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा’ अशी ओळ झळकू लागते आणि ती घालवण्यासाठी ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवला जातो. तो चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद केला जातो. म्हणजे किमतीतच धरलेली ओरिजिनल विंडोज पुसून, वर फॉरमॅटचे पैसे मोजून, ग्राहक पायरेटेड विंडोज घरी नेतो. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम अशा अ‍ॅक्टिव्हेटरच्या वेषात अनेकदा सापडले आहेत आणि त्याच लॅपटॉपवर पुढे नेटबँकिंग होते.

कायद्याचाही प्रश्न आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून केवळ दंड करू शकते. घरगुती ग्राहकापेक्षा लहान कार्यालयांनी आणि क्लासेसनी याची काळजी अधिक करावी.

मग टाकायचीच केव्हा?

विंडोज नसलेला, म्हणजे ‘डॉस’ लॅपटॉप स्वस्त पडतो. त्यावर ती टाकावीच लागते आणि लायसन्सचा खर्च किमतीत धरावा लागतो. असेंबल केलेल्या संगणकावर दुकानदाराने ‘फ्री’ टाकून दिलेली विंडोज असेल आणि बिलावर लायसन्सचा उल्लेख नसेल, तर ती पुसून ओरिजिनल टाकणे उत्तम. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल फुकट उतरवता येते. त्यासाठी किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागतो. डेस्कटॉपला यूपीएस असल्याशिवाय हे काम सुरू करू नये. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

सेकंडहँड लॅपटॉपवर तर फ्रेश विंडोज विक्रेत्यासमोरच, इंटरनेट जोडून टाकून घ्यावी. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप या बाजारात खूप येतात. एखाद्याची नोंद जुन्या कंपनीच्या यंत्रणेतून काढलेली नसेल, तर विंडोज नव्याने सुरू होताना त्या कंपनीचे लॉगिन मागते. तसे झाले तर सौदा तिथेच थांबवावा. प्रोसेसरही पाहावा. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीआधीचे जवळपास सगळे प्रोसेसर तिच्या यादीबाहेर आहेत. अशा यंत्रावरही पळवाट काढून ११ टाकून विकली जाते; पुढचे अपडेट मिळतील याची हमी नसते.

वापरात असलेला संगणक फॉरमॅट करायचा झाल्यास टॅली वापरणाऱ्यांनी आधी लायसन्स सरेंडर करावे. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे ना, हे पाहून ती कागदावर उतरवून ठेवावी.

दुकानात आधीच कोणी फॉरमॅट करून दिला असेल, तर सेटिंग्ज, सिस्टीम, अ‍ॅक्टिव्हेशन या क्रमाने जाऊन आवृत्तीचे नाव वाचावे. खोक्यावर किंवा बिलावर ‘होम’ आणि स्क्रीनवर ‘प्रो’ दिसले, तर लॅपटॉप बिलासह परत न्यावा आणि होम टाकून मागावी.