सही आपली, आयुष्य त्याचं

"लेकरू आमचंच आहे, मग कागद कशाला?" हे वाक्य मी भालकीत नातेवाइकांकडे आणि कलबुर्गीत मित्रांच्या घरीही ऐकलं आहे. माझ्या आतेभावाला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे. त्याच्या निमित्ताने जो कायदा समजून घेतला, तो इथे मांडतो.

अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान. मग आई-वडीलही आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. समितीत जिल्हाधिकारी, म्हणजे आपले डीसी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. पालकाची गरज आहे का, आणि कशापुरती, हे समिती आधी बघते.

पालक झालो म्हणजे मालक झालो नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याचं शेत, घर, ठेवी, येणं-देणं यांची यादी द्यावी लागते. पुढे दरवर्षी मार्चअखेरनंतर तीन महिन्यांत जमाखर्च द्यायचा. पहाणीवर नाव त्याचं असेल, तर त्या शेतातली तूर विकून आलेला पैसाही त्याचाच. आपल्या मुलीच्या लग्नाला तो वापरता येत नाही. हेळसांड केली किंवा मालमत्ता हडपली, तर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था तक्रार करू शकते आणि समिती पालकाला काढू शकते.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. त्यातलं मर्यादित पालकत्व ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं असतं आणि निर्णय दोघांनी मिळून, त्याच्या मर्जीप्रमाणे घ्यायचा असतो. त्याआधी २००९ मध्येच, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं.

अपघाताने कोमात गेलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. तिथे उच्च न्यायालयात रिट करावी लागते. बिदरकरांना त्यासाठी बेंगळुरू गाठायला नको, कलबुर्गीला खंडपीठ आहे.

घरात असं कुणी असेल तर आई-वडील हिंडते-फिरते असतानाच डीसी ऑफिसात चौकशी करा. त्यांच्या माघारी भावाभावांत वाटणी होते, तेव्हा ज्याला बोलता येत नाही त्याचाच वाटा आधी जातो. हिशेबाची वही वेगळी ठेवा. आणि सही करण्याआधी त्याला विचारा. उत्तर मान हलवून आलं, तरी ते उत्तरच असतं.