असोद्याची बहिणाबाई आणि आमच्या घरची आजी

या पानावर आम्ही खताविषयी, किडीविषयी, मुलांच्या जुलाबाविषयी लिहितो. या खेपेस एका शेतकरी आईविषयी लिहीत आहोत. त्या आमच्या मांद्र्याच्या नव्हेत, दूर खानदेशातल्या. पण लावणीला चिखलात वाकणाऱ्या आमच्या बायांना त्या परक्या वाटणार नाहीत.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी झाला. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य. पदरी तीन मुले; त्यांतला ओंकार प्लेगमधून वाचला खरा, पण कायमचा अधू होऊन. शेत आणि घर दोन्ही त्यांनाच ओढावे लागले. लिहितावाचता मुळीच येत नव्हते. तरी दळताना, शेतात काम करताना गाणी तोंडी येत ती पेरणीची, मळणीची, माहेरची.

पुत्र सोपानदेव पुढे कवी झाले. त्यांनी आणि एका मावसभावाने ऐकता ऐकता काही गाणी उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव मिळाले. जी गाणी वहीत उतरली नाहीत, ती मात्र कायमची गेली.

आता आमच्या घरची गोष्ट. आजी गेली तेव्हा माळ्यावर मिरचीचे बी राखेत घालून ठेवलेले सापडले. वायंगणाच्या कोणत्या वाफ्यात, कधी पेरायचे, हे तिला विचारायचे कोणाला सुचलेच नव्हते. आम्ही आपल्या अंदाजाने पेरले. चार रोपे आली, तीही मेली. तीस वर्षे त्या मिरचीच्या कालवणावर जेवलेली आम्ही माणसे!

आजी पावसाळ्यात टाकळा आणि तेरे आणायची. तेरे घशाला खाजते, म्हणून त्यात आंबाडे किंवा सोले घालावी लागतात, एवढे आम्हांला ठाऊक आहे. बाकी कितीतरी पाला ती ओळखायची. त्यांतला अर्धा आज आम्ही गवत म्हणून उपटतो.

आणखी एक. आजी सर्वांच्या मागून जेवायची, आणि भाजी तोवर संपलेली असायची. आमच्या किती बाया अजून तशाच जेवतात, आणि मग चक्कर येते, धाप लागते, तरी कापणीला उभ्या राहतात. रक्त कमी असल्याची ही लक्षणे असू शकतात. दवाखान्यात तपासून घ्यावे. पालेभाजीवर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवल्याबरोबर चहा नको, तासभराने घ्यावा. आणि भाजी आधी तिच्या ताटात वाढावी.

ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी वही नातवाच्या हाती द्यावी आणि त्याला तिच्याबरोबर शेतात धाडावे. खुर्चीवर बसवून विचारले तर तिला काही आठवणार नाही. बी निवडताना मात्र ती आपणहून बोलू लागेल.