मशीन चाललं बघ!

आषाढ लागला की आमच्या पेणमध्ये कुणाला मान वर करायला फुरसत नसते. घरोघरी गणपतीचे कारखाने. आमचाही आहे, मागच्या पडवीत. पूर्वी सगळा रंग ब्रशनेच व्हायचा. आता डोळ्यांची आखणी तेवढी हाताने, बाकी कामाला स्प्रे गन. तिला हवा पुरवायला कॉम्प्रेसर घेतला. पडवीच्या कोपऱ्यात ठेवला, वायर लावली, झालं. घरात मिक्सर ठेवतो ना, अगदी तस्साच!

एका दुपारी मी मूर्तीला अंगाचा रंग मारत होते. जाऊबाईंची लेक खाली पायरीवर मुकुटाचे खडे निवडत बसली होती. तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "अगं, तुझं मशीन चाललं बघ!" मी म्हटलं, "हो आई, चालूच आहे." वळून बघते तर काय, ते खरंच चाललं होतं! थरथरत थरथरत हातभर सरकून पडवीच्या कडेला आलं होतं. वायर ताणलेली, एक पाय अधांतरी, आणि बरोब्बर खाली पोर. धावत जाऊन आधी स्विच बंद केला. मग जी खाली बसले, ती दहा मिनिटं उठलेच नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकाकांना बोलावलं. ते म्हणाले, "वहिनी, आत दट्ट्या खालीवर होतो, त्याचा हादरा बसणारच. त्याला जमिनीला धरून ठेवायला नको?"

पडवीला शहाबादी फरशी, तीही उताराची. भोक पाडलं तर तडकायची. म्हणून कोपऱ्यातली फरशी काढून काकांनी काँक्रीटचा सपाट ओटा घातला. आठवडाभर मी त्यावर पाणी मारलं. मग पायांच्या भोकांवर खुणा करून ड्रिल मारलं, अँकर बोल्ट बसवले आणि प्रत्येक पायाखाली जाड रबराचा तुकडा दिला. एक पाय किंचित उचललेला होता. मी म्हटलं, "आवळा की जोरात, बसेल खाली." काका हसले. "तसं ओढून बसवलं की सगळा ताण टाकीच्या जोडावर येतो, हादऱ्याने तिथेच चीर जाते." त्या पायाखाली पत्र्याची चकती सरकवली. नट रबर चेपून जाईल इतके आवळले नाहीत, पण सैल होऊ नयेत म्हणून वर दुसरा नट चढवला. भिंतीवरच्या लोखंडी पाइपला जोडतानाही मध्ये रबरी नळी दिली, नाहीतर हादऱ्याने पाइपचे सांधे सुटतात.

मैत्रिणींनो, घरात असं मशीन असेल तर आणखी काही गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. पट्ट्यावरची जाळी कधी काढून ठेवू नका. पदर, ओढणी, वेणी आत जायला क्षण पुरतो. टाकीतली हवा कमी झाली की मशीन आपोआप सुरू होतं, म्हणून हात लावण्याआधी मेन स्विच बंद आणि हवा मोकळी. टाकीत पाणी साचून ती आतून गंजते, तेव्हा रोज काम संपलं की खालचा कॉक उघडून पाणी काढा. आमच्या दमट हवेत तर वाटीभर निघतं! सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतो म्हणून आवळून बंद करू नका. जास्तीची हवा सोडणं हेच त्याचं काम. आणि टाकीला भोक किंवा वेल्डिंग घरच्या घरी कधीच नाही.

सगळा खर्च ऐकून यजमान म्हणाले, "एवढं कशाला?" मी काही बोलले नाही. पुतणीकडे नुसतं बोट दाखवलं. ती त्याच पायरीवर बसून खडे निवडत होती.

आता महिन्यातून एकदा पाना घेऊन नट मीच तपासते. आणि मशीन सुरू केलं की सासूबाई आतून विचारतात, "काय गं, आज जागेवर आहे ना?"