एक चाक गरगर, दुसरं ढिम्म

पावसाळ्यात आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव, हेमलकसा करत भामरागडकडे निघालेली जीप डांबर सोडून एखाद्या पाड्याच्या वाटेला लागली की एक देखावा ठरलेला. मागचं एक चाक गाळात गरगर फिरतंय, चिखलाचा फवारा बघ्यांच्या अंगावर उडतोय, आणि त्याच आसावरचं दुसरं चाक चांगल्या मुरमावर उभं असूनही ढिम्म. जमलेल्यांपैकी कोणीतरी निदान करून मोकळा होतो, "डिफरन्शियल गेलं वाटतं."

गेलेलं नसतं. ते ठणठणीत असल्याचा तो पुरावा असतो.

हाच घोटाळा खऱ्या चिखलापासून दूर, संगणकावर गाडी बांधणाऱ्यांचाही होतो. ‘बिसीज’सारख्या भौतिकशास्त्राचे नियम पाळणाऱ्या गेममध्ये दातेरी चक्रं आणि चाकं जुळवून, रात्र जागून डिफरन्शियल उभं करायचं, गाडी उंचवट्यावर चढवायची, एक चाक हवेत गेलं की गाडी ठप्प. मग वैतागून सगळं मोडायचं. मोडायची गरजच नव्हती.

मुळात हे यंत्र हवं कशाला? पूर्व विदर्भातल्या बंडीला ते लागत नाही. बंडीची दोन्ही चाकं आसावर आपापली सुटी फिरतात. ओढायचं काम बैलांचं. मोटारीत मात्र इंजिनाला चाकंच फिरवावी लागतात, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरलं, तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.२ मीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे वळण चिंचोळं असो की ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जखडली, तर या २.२ मीटरसाठी कुठल्यातरी टायरला घसटत जावं लागणार.

म्हणून डिफरन्शियल. आणि इथेच सर्वांत चिवट गैरसमज बसलेला आहे: ज्या चाकाला गरज आहे त्याला हे यंत्र जास्त ताकद देतं. साधं डिफरन्शियल असं काहीही करत नाही. ते दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत टॉर्क. वाटून देतं तो वेग. दोन चाकांच्या वेगांची सरासरी क्राऊनच्या, म्हणजे इंजिन ज्याला फिरवतं त्या मोठ्या दातेरी चक्राच्या, वेगाइतकी राहिली की झालं. कोणी किती फिरायचं ते जमीन ठरवते.

आता गाळातल्या जीपकडे परत येऊ. गाळातलं चाक जेमतेम १०० न्यूटन-मीटर पीळ पेलत असेल, तर मुरमावरच्या चाकालाही १०० न्यूटन-मीटरच मिळणार, मग इंजिन कितीही दांडगं असो. अॅक्सिलरेटर दाबून हा आकडा वाढत नाही. एक चाक थांबलेलं असल्यामुळे सरासरी जुळवायला दुसरं दुप्पट वेगानं पळतं आणि स्वतःचा खड्डा आणखी खोल करतं. गिअरबॉक्सवरून केबल घेणारा जुन्या धाटणीचा स्पीडोमीटर तेव्हा ४० दाखवत असेल, तर ते चाक ८०च्या वेगानं चिखल उडवत असतं. हँडब्रेक मागच्या चाकांना असलेल्या गाडीत जुने ड्रायव्हर तो हलकासा ओढतात. गाळातल्या चाकाला अडथळा मिळतो आणि तेवढाच जादा पीळ पलीकडच्या चाकालाही जातो. पण हँडब्रेक त्या चाकालाही अडवतो, म्हणून ही युक्ती फार तर थोडीच मदत करते.

गेममध्ये हे बांधायचं कसं, याचं उत्तम उत्तर एका जुन्या चित्रफितीत आहे. शेव्हरोलेसाठी जॅम हँडी या संस्थेनं १९३७ साली ‘अराउंड द कॉर्नर’ नावाचा छोटा माहितीपट काढला. त्यात दोन चाकांच्या मधोमध एक आडवी दांडी ठेवून दोन्ही बाजूंना ढकलायला सुरुवात होते, मग दांड्या वाढत जातात, आणि दांड्यांचे हळूहळू दाते होतात. थेट क्राऊन, त्याला फिरवणारं पिनियन आणि मधले स्टार गिअर जुळवायला बसण्याआधी गेमरनं ही फीत पाहावी, हे बरं.

"दाते दिसतात, म्हणजे यंत्र खरं" हाही भ्रमच. गेम सलग चालत नाही, तुकड्यातुकड्यांनी हिशोब करतो. सेकंदाला ६० हिशोब करणाऱ्या गेममध्ये मिनिटाला १८०० फेरे घेणारं चक्र एका हिशोबात अर्धा फेरा मारतं. त्याला २० दाते असतील, तर १० दाते मधल्यामध्ये निसटले. दात्यात दाता अडकणार कुठून? चक्रं एकमेकांतून आरपार जातात, नाहीतर गाडी उधळते. उपाय मोटारीनं आधीच दाखवून ठेवलेला आहे: पिनियन लहान, क्राऊन मोठा, म्हणजे वेग डिफरन्शियलपर्यंत पोहोचण्याआधीच उतरतो. ‘बीमएनजी ड्राइव्ह’ हा गेम सेकंदाला २००० वेळा हिशोब करतो, तरी त्यातल्या डिफरन्शियलचे दाते एकमेकांवर आपटत नाहीत. तिथे पीळ आणि वेगाची समीकरणंच सोडवली जातात. दाते न दाखवणारा गेम इथे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो.

"फोर बाय फोर आहे, अडकणार नाही" हे वाक्य भामरागड तालुक्यात फार जपून उच्चारावं. दोन्ही आसांवर साधीच डिफरन्शियल असतील, तर पुढचं एक आणि मागचं एक चाक गाळात गेलं की चार चाकांची गाडीही उभी राहते. शिवाय लिव्हर ‘फोर-एच’वर टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडणाऱ्या जीपमध्ये, कोरड्या डांबरावर वळताना सगळे सांधे ताणले जातात. पर्लकोटा नदीला पूर येऊन पुलावरून पाणी गेलं, तर मात्र कुठलंच गिअर कामाचं नाही. तिथे थांबणं हाच मार्ग.

मग डिफरन्शियल कायमचं लॉक करून टाकलं तर? ‘स्नोरनर’ खेळणाऱ्यांना हा मोह होतोच, कारण तिथे एक बटण दाबलं की दोन्ही चाकं बरोबरीनं ओढायला लागतात. पण त्या गेममध्येही लॉक लावला की इंधन जास्त जळतं. धानाच्या बांधीत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला हे शिकवावं लागत नाही. बहुतेक ट्रॅक्टरना टाचेजवळ लॉकचं पेडल असतं. चाक फसलं की ते दाबायचं, सरळ बाहेर पडायचं आणि धुऱ्याशी वळण्याआधी सोडायचं. लॉक असताना वळवलं, तर ट्रॅक्टर सरळच रेटतो आणि एक्सलवर ताण येतो. २०२० साली आलेल्या नव्या ‘थार’च्या काही प्रकारांत मागच्या आसावरचा लॉक दोन चाकांच्या वेगातला फरक ओळखून आपोआप लागतो, हे त्याच पेडलचं पुढचं पाऊल.

जाता जाता, हे यंत्र मोटारीबरोबर जन्मलं असंही नाही. पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं १८२०च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा पेट्रोलची मोटार अर्ध्या शतकाहून दूर होती.

डिफरन्शियल कसं वागतं याची ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्यानं मागच्या चाकांवर चालणारी जीप सपाट जागी घ्यावी, पुढच्या चाकांना दगड लावावेत, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवावीत, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकावी आणि एक चाक हातानं पुढे फिरवावं. साधं डिफरन्शियल असेल, तर दुसरं चाक तितकंच उलटं फिरेल. गेममधल्या गाडीलाही हीच परीक्षा लावायची: क्राऊन धरून ठेवायचा, एक चाक फिरवायचं, आणि दुसरं उलटं फिरलं की यंत्र जमलं.