शिक्षकांचा ऑनलाइन समूह : मंच कोणता निवडावा?

शिक्षकांचा एखादा समूह ऑनलाइन सुरू करायचा ठरला की मंचाची निवड बहुधा चर्चेविनाच होते. व्हॉट्सॲप प्रत्येकाच्या हातात असते, नवे काही शिकावे लागत नाही आणि तासाभरात गट तयार होतो. परिपत्रके, प्रशिक्षणाच्या तारखा, तातडीचे निरोप यांसाठी ही सोय उत्तमच आहे. अडचण येते ती समूहाला अनुभव साठवायचा असतो तेव्हा. दहावीच्या त्रिकोणमितीत मुले एका ठरावीक पायरीवर अडतात, त्यावर उपाय काय, असे कोणी विचारते. दोघे-तिघे आपापली रीत फळ्यावर लिहून तिचा फोटो पाठवतात. संध्याकाळपर्यंत त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि संचमान्यतेची पत्रे येऊन पडतात. पुढच्या वर्षी तोच धडा आला की तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, कारण बिननावाचा फोटो शोधायचा कसा हे कोणालाच ठाऊक नसते.

म्हणून मंच पारखताना सदस्यसंख्येची मर्यादा हा दुय्यम मुद्दा ठरतो. व्हॉट्सॲपच्या गटात १,०२४ जण मावतात, टेलिग्रामच्या गटात दोन लाख. केंद्राच्या किंवा तालुक्याच्या समूहाला दोन्ही पुरेसे आहेत. खरा फरक वेगळाच आहे. टेलिग्रामवर ॲडमिनने मुभा दिली की नव्या सदस्याला गटातील जुना मजकूर पहिल्यापासून वाचता येतो, गटात विषयवार कप्पे करता येतात आणि मोबाइल क्रमांक उघड न करता वावरता येते. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात क्रमांक सर्वांना दिसतो. शिक्षिकांच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. अनेकजणी केवळ त्यामुळे अनोळखी लोकांच्या गटात येत नाहीत किंवा आल्या तरी गप्प राहतात.

गुगल क्लासरूम २०१४ साली आले ते वर्गासाठी. शिकवणारा एक, शिकणारे अनेक, गृहपाठ आणि गुण अशी त्याची घडण आहे. बरोबरीच्या सहकाऱ्यांच्या देवाणघेवाणीला ती सोयीची नाही. केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ मंच २०१७ पासून पाठ्यसाहित्य आणि प्रशिक्षण पोहोचवतो; समूहाची रोजची चर्चा हा त्याचा मुख्य हेतू नाही.

यापुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तो म्हणजे मंचच बंद झाला तर काय? अमेरिकेतील शिक्षकांनी याची किंमत मोजली आहे. ‘निंग’ या सेवेवर फुकटात स्वतःचे समूहस्थळ उभारता येत असे. स्टीव्ह हरगॅडन यांनी २००७ मध्ये सुरू केलेला ‘क्लासरूम २.०’ हा शिक्षकांचा मोठा समूह तिथेच वाढला, आणि त्याच्यामागून शिक्षकांचे इतर अनेक छोटे समूहही तिथे आले. एप्रिल २०१० मध्ये कंपनीने फुकट सेवा बंद करण्याचे जाहीर केले. पिअर्सन या प्रकाशनसंस्थेने शैक्षणिक समूहांचा खर्च उचलला, पण तो उत्तर अमेरिकेपुरताच. ‘एडमोडो’ची गोष्ट अधिक गंभीर आहे. २००८ साली सुरू झालेला हा मंच जगभरच्या शाळांत वापरला गेला. २०१७ मध्ये त्यावरील कोट्यवधी खात्यांची माहिती चोरीला गेली आणि २२ सप्टेंबर २०२२ रोजी तो कायमचा बंद झाला. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना जाहिरातींसाठी वापरल्याबद्दल त्याच्यावर अमेरिकेत २०२३ साली कारवाईही झाली.

तेव्हा मंचात शिरण्याआधी त्यातून बाहेर पडण्याची वाट पाहून घ्यावी. तपासणी सोपी आहे. चाचणीसाठी पाच-सहा जणांचा गट करावा, त्यात प्रश्न, उत्तरे, फोटो आणि एखादी पीडीएफ टाकावी आणि सगळे आपल्या संगणकावर उतरवून घ्यावे. व्हॉट्सॲपमधून साधी मजकुराची फाइल मिळते. तीत तारीख, वेळ, नाव आणि संदेश एकाखाली एक येतात. पण कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाला होते, ही जोड तुटलेली असते. टेलिग्रामच्या संगणकावरील आवृत्तीतून ती जोड शाबूत राहते. मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवर तर संपूर्ण अभ्यासक्रम एकाच फाइलमध्ये बांधून दुसऱ्या सर्व्हरवरच्या मूडलवर जसाच्या तसा उघडता येतो. मार्टिन डूगियामास यांनी ऑस्ट्रेलियात घडवलेली ही प्रणाली २००२ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे, त्यामुळे कोणा एका कंपनीच्या निर्णयाने ती हिरावली जात नाही.

मात्र मूडल फुकट असले तरी सर्व्हरचे भाडे, सुरक्षेची अद्ययावत आवृत्ती चढवणे आणि बॅकअप घेणे ही कामे कोणालातरी करावीच लागतात. बदली झाली तरी हे काम सांभाळणारे किमान दोघे असतील तरच, जिल्ह्याच्या विषयशिक्षक संघासारख्या मोठ्या समूहाने ते निवडावे. विद्यार्थ्यांनाही आत घ्यायचे असेल तर भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घ्यावा लागतो. त्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी. चाळीस-पन्नास शिक्षकांच्या केंद्राला एवढा व्याप नको. त्यांनी निरोपांपुरते व्हॉट्सॲप ठेवावे, चर्चा टेलिग्रामच्या विषयवार कप्प्यांत करावी आणि दर सत्राच्या शेवटी सगळा मजकूर उतरवून त्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर ठेवावी.