कळंब : एका ग्रामनामाचा भूगोल आणि इतिहास

ग्रामनामांच्या अभ्यासात एक मोह पदोपदी आडवा येतो. गावाच्या नावाशी जुळणारा एखादा संस्कृत शब्द सापडला, की तोच गावाचा इतिहास आहे असे मानून अभ्यासक स्वस्थ होतो. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे या दृष्टीने विचारात घेण्याजोगे उदाहरण आहे. येथे ध्वनिनियम, फारसी लेख, पुराणपरंपरा आणि भूमीची रचना असे चार प्रकारचे पुरावे एकत्र येतात. आणि त्यांपैकी कोणता पुरावा काय सिद्ध करतो व काय करीत नाही, हे वेगवेगळे पाहता येते.

प्रथम स्थळाचा विचार करू. कळंब हे यवतमाळच्या ईशान्येस सुमारे २३ किलोमीटर अंतरावर, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चक्रावती नदीच्या काठी वसलेले आहे. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीच्या पठारावर आहे. हे पठार ईशान्येस उतरत जाऊन वर्धा नदीच्या सखल मैदानास मिळते, आणि कळंब त्या उताराच्या बाजूस येते. अग्निजन्य काळ्या खडकाची झीज होऊन बनलेली काळी, कापसास अनुकूल अशी जमीन या मैदानात पसरलेली आहे. पठारावरील रान आणि मैदानातील पीक यांच्या सीमेवरील गाव बाजारास व वसुलीस सोयीचे ठरते, हे वेगळे सांगावयास नको.

आता नावाकडे वळू. संस्कृत ‘कदंब’ या शब्दातील ‘द’चा प्राकृतात ‘ल’ होतो, हे वररुचीने ‘प्राकृतप्रकाशा’त नोंदविले आहे. त्याच सूत्रात ‘दोहद’ हा शब्दही येतो; मराठीतील ‘डोहाळे’ हे त्याचेच वंशज होत. प्राकृतातील दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो : फल–फळ, काल–काळ. तेव्हा कदंब–कलंब–कळंब ही परंपरा प्रत्येक पायरीवर नियमास धरून आहे. हा बदल सरसकट मात्र नव्हे. ‘कदली’मधील ‘द’ लोप पावून ‘केळ’ झाली. तेथे ‘ल’कार अवतरला नाही.

परंतु या नियमाने इतकेच सिद्ध होते, की गावाचे नाव वृक्षवाचक शब्दाशी एकरूप आहे. तो वृक्ष कोणता, हा प्रश्न उरतोच. काव्यातला, कृष्णकथेतला भव्य कदंब एक. आणि विदर्भाच्या पानझडी रानात, विशेषतः ओलाव्याच्या जागी वाढणारा, लोक ज्यास ‘कळंब’ किंवा ‘कळम’ म्हणतात तो इमारती लाकडाचा वृक्ष दुसरा. नदीकाठच्या गावास दुसऱ्या वृक्षावरून नाव पडणे अधिक स्वाभाविक वाटते. शेजारचा तालुका बाभूळगावचा आहे, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. या प्रदेशात गावांना नावे देताना लोकांनी डोळ्यांसमोरची झाडे घेतली आहेत.

फारसी पुराव्याचे महत्त्व येथे कळते. १५९६ मध्ये वऱ्हाड अहमदनगरकरांकडून मोगलांकडे गेले. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत ‘कलम’ या सरकाराची नोंद आहे. फारसी लिपीत ‘ळ’ला चिन्ह नाही, म्हणून ‘ल’ येणे अपरिहार्य होते. परंतु ‘ब’ लिहिण्यास लिपीची कोणतीच अडचण नव्हती. म्हणून ‘ब’ नसणे ही लेखकाची चूक न मानता, तो ‘कळम’ या बोलीतील उच्चाराचा ठसा असावा, असे मानणे अधिक युक्त होईल. याच जिल्ह्यातील ‘उमरखेड’ या नावात ‘उंबर’ हा शब्द असेल, तर तेथेही ‘ब’ असाच गळाला आहे.

‘यवतमाळ’ या नावाची प्रचलित व्युत्पत्तीही तपासून पाहण्यासारखी आहे. आईनमध्ये ‘योत-लोहारा’ असा महाल येतो. लोहारा हे गाव आज यवतमाळजवळच आहे. ‘यवत’ला ‘महाल’ जोडून ‘यवतमाळ’ झाले, असे सांगितले जाते. अर्थदृष्ट्या यास अडचण नाही, ध्वनिदृष्ट्या आहे. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांतील ‘ल’ मराठीत सामान्यतः ‘ल’च राहतो : दलाल, हमाल, मशाल. तेव्हा मूळ ‘महाल’ असल्यास त्याचा ‘माळ’ होण्यास, उंच मोकळी जमीन या अर्थाच्या देशी ‘माळ’ शब्दाचे साहचर्य कारणीभूत झाले असावे.

पुराणपरंपरा यापुढची. कळंब येथील चिंतामणी गणेशाचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून तेथे कुंड आहे. गणेशपुराणातील कदंबपूर ते हेच, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा आदर राखूनही अभ्यासकाने एवढे विचारावे, की ‘कदंबपूर’वरून ‘कळंब’ झाले, की लोकांच्या ‘कळंब’चे पंडितांनी ‘कदंबपूर’ केले? ध्वनिनियम दोन्ही दिशांनी सारखाच जुळतो. तो या प्रश्नाचा निवाडा करीत नाही. शिवाय धाराशिव जिल्ह्यातही कळंब आहे. नामसाम्य हाच पुरावा मानला तर प्रत्येक कळंब कदंबपूर ठरेल.

सरकाराचे नाव धारण करणारे हे गाव पुढे मागे पडले. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडचा जिल्हा झाला, तोच पुढे ‘वूण’, म्हणजे वणी, या नावाने ओळखला गेला, आणि १९०५ मध्ये त्यास यवतमाळचे नाव मिळाले. मुख्य ठाणे यवतमाळात होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मूर्तिजापुराहून आलेला अरुंद लोहमार्गही यवतमाळातच थांबला. कळंबला रेल्वे आली ती २०२४ च्या फेब्रुवारीत, वर्धा–कळंब मार्गाने. आज ते तालुक्याचे ठिकाण असून तेथे नगरपंचायत आहे.

या सर्व विवेचनात एक बाजू अद्याप रिकामी आहे. या जिल्ह्यात कोलामांची वस्ती, म्हणजे ‘पोड’, ठिकठिकाणी आहेत. त्यांची कोलामी ही द्राविड कुलातील भाषा असून तिचे एमेनोकृत विवेचन १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीने ज्या गावांना वृक्षांची नावे दिली, त्यांना कोलाम वृद्ध आपल्या भाषेत काय म्हणतात, याची गावोगाव टिपणे व्हावयास हवीत. फलकांवरचे आणि दप्तरातले रूप एकदा स्थिर झाले की उच्चार त्याच्या मागे जातो. ‘कळम’ म्हणणारी पिढी सरली, की आईनमधील त्या एका गळालेल्या अक्षराचा अर्थ लावण्याचे साधनही सरेल. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने ग्रंथालयात शिरण्यापूर्वी या पोडांची वाट धरावी, हे बरे.