अठरा हजारांतल्या तीन फायली

18,000 फायलींवरून दोन वर्षं खटला चालला आणि शेवटी काढाव्या लागल्या फक्त 3! पण त्या दोन वर्षांत कॉम्प्युटरचं जगच वेगळ्या वाटेला लागलं.

1969 मध्ये अमेरिकेच्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. युनिक्स म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना कामाला लावणारा प्रोग्राम. त्याच्या मूळ ओळी, ज्या माणसाला वाचता येतात, तो सोर्स कोड. कंपनीने तो विद्यापीठांना दिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने त्यात इतकी भर घातली की त्या युनिक्सला बीएसडी असं वेगळं नाव पडलं.

पुढे कंपनीचं लायसन्स महाग होत गेलं. तेव्हा बर्कलीच्या कीथ बॉस्टिकला वाटलं, कंपनीचा कोड काढून सगळं नव्याने लिहू! मला विचाराल तर या गोष्टीतलं सगळ्यात भारी काम हेच. 400 हून जास्त लोक मदतीला आले. जुना कोड बघायचा नाही. कुठला प्रोग्राम काय काम करतो याचं छापील वर्णन वाचायचं आणि तो आपल्या डोक्याने लिहायचा. मोबदला काय? प्रोग्रामच्या शेजारी आपलं नाव! जुन्या वाड्याची एकेक वीट बदलावी तसं हे चाललं. मग बॉस्टिक आणि त्याच्या दोन सोबत्यांनी सिस्टीमचा गाभा फाईलनफाईल तपासला. अडल्या फक्त 6 फायली. 1991 मध्ये त्या वगळून बाकी सगळं खुलं केलं. त्या 6 बिल जोलिट्झ या प्रोग्रामरने लिहून काढल्या आणि बीएसडी साध्या पीसीवर चालू लागलं.

एवढ्यात, 1992 मध्ये, एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने दावा ठोकला: आमचा कोड चोरलात! लोक बिचकले. उद्या कोर्टाने बंदी घातली तर? त्याच सुमारास फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याचं लिनक्स (हीही ऑपरेटिंग सिस्टीमच) नुकतं रांगू लागलं होतं. त्याच्यावर खटला नव्हता, म्हणून हौशी मंडळी तिकडे वळली.

विद्यापीठही गप्प बसलं नाही. कंपनीने बर्कलीचा कोड वापरला, पण अटीप्रमाणे बर्कलीचं नाव छापलं नाही, असा उलट दावा त्यांनी लावला. 1994 मध्ये तडजोड झाली. बीएसडीच्या 18,000 फायलींतल्या 3 काढल्या, सुमारे 70 फायलींवर कंपनीच्या हक्काची नोंद घातली, आणि बीएसडी मोकळं झालं. पण लिनक्स तोवर बरंच पुढे गेलं होतं.

आज घराघरांतल्या अँड्रॉइड फोनमध्ये गाभा लिनक्सचा आहे, आणि त्याला खेटूनच बीएसडीतून घेतलेला कोडही आहे. घरच्यांना विचारून सेटिंगमधली कायदेशीर माहिती उघडा. लायसन्सच्या लांबलचक मजकुरात कॅलिफोर्निया विद्यापीठाचं नाव शोधा बरं!